राखून ठेवलेली वीज

लोणावळ्यात तुंगार्लीकडे जाताना एक जुना बंगला लागतो. सुट्टीला आलेली माणसं त्याच्या गेटसमोर गाड्या लावतात, चिक्कीचे कागद तिथंच टाकतात आणि धरणाकडे निघून जातात. आत एका उपग्रहाचं काम चालतं असं त्यांना सांगितलं तर ती हसतील, आणि त्यांची तरी काय चूक? बंगल्याला धड पाटीसुद्धा नाही. चार खोल्या, त्यातली एक यंत्रांसाठी बारा महिने गार ठेवलेली, बाकीच्या तिन्हींच्या भिंतींना ओल. पण उपग्रहावरच्या एका यंत्राची सगळी देखभाल इथूनच होत होती, आणि ती करणाऱ्यांत प्रेरणा होती.

हे यंत्र काय करतं ते आधी सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं डोक्यावरून जायला नको. हवा संपली की वर नुसती पोकळी असते असं आपण शाळेत शिकलो. ते तितकंसं खरं नाही. तिथं विजेनं भारलेल्या कणांचा विरळ वायू पसरलेला असतो, त्याला प्लाझ्मा म्हणतात, आणि त्यात सतत लहरी उठत असतात. यंत्राच्या लांब तारा त्या लहरी टिपतात. लहरींना स्वतःचा आवाज नसतो, पण त्यांची नोंद संगणकावर आवाजात बदलून ऐकता येते. म्हणून बंगल्यात सगळे त्या यंत्राला कान म्हणत. हे नाव अमृतनं ठेवलं होतं. नावं ठेवण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, दोन्ही अर्थांनी.

अमृत प्रेरणाचा नवरा. ती कोथरूडची, तो कुरवंड्याच्या शेतकरी घरातला, आणि दोघांची ओळख याच बंगल्यात झाली. लग्नाच्या वेळी कोथरूडकरांनी नाकं मुरडली, कुरवंडेकरांनीही थोडी मुरडून घेतली, पण दोघांपुढं कुणाचं काही चाललं नाही. अमृत माणूसच तसा होता. त्याच्याशी भांडायला गेलेला माणूस चहा पिऊन परत यायचा.

कान दोन तऱ्हेनं लिहून ठेवतो. एक साधी नोंद, अखंड चालणारी: कुठल्या सुरातली लहर किती जोराची, एवढंच, तेही ढोबळ. दुसरी बारीक नोंद: लहर जशी आली तशी, तिच्या प्रत्येक चढउतारासकट. कुणीतरी बोललं एवढं साध्या नोंदीवरून कळतं. काय बोललं ते बारीक नोंदीतच असतं. पण ही बारीक नोंद भारी जागा खाते. काही मिनिटांत एक कप्पा भरतो, आणि उपग्रहावर कप्पे मोजकेच. सगळे भरले की कान पुन्हा पहिल्यापासून लिहायला घेतो, जुन्यावर नवं. एखादं जुनं हवं असेल तर इथून हुकूम पाठवायचा, या कप्प्याला हात लावू नकोस. मग सवडीनं ते खाली मागवायचं, तपासायचं आणि तीन निरनिराळ्या ठिकाणी जपून ठेवायचं.

या दोन हुकमांनाही अमृतनं शब्द दिले होते. हात लावू नकोस म्हणजे 'राख'. खाली पाठव म्हणजे 'सोड'. हा दुसरा शब्द थेट त्याच्या घरच्या भातखाचरांतून आला होता. डोंगरउतारावर खाचरं एकाखाली एक असतात, आणि वरच्यातलं पाणी खालच्याला द्यायचं असलं की त्याचे वडील बांधावरून ओरडायचे, "सोड रं!" वरचं खाली येऊ दे, एवढाच त्याचा अर्थ. बंगल्यात तेच रूढ झालं. ग्रुपवर मेसेज पडायचा, 'सात राख, नऊ सोड,' आणि ड्यूटीवरचा माणूस समजून जायचा. दिल्लीहून आलेल्या एका साहेबांनी हे पाहून कपाळाला आठ्या घातल्या, तर अमृतनं परत जाईपर्यंत त्यांनाही 'सोड' म्हणायला शिकवलं.

त्याच्या वडिलांचं नाव अंबाजी, घरात सगळे त्यांना आबा म्हणत. लेकाच्या कामाचं त्यांना फार कौतुक, पण ते दाखवायची त्यांची रीत वेगळी होती. ते खोड काढत.

"त्ये वर बसून ऐकतं तरी काय?" एकदा जेवताना त्यांनी विचारलं.

"लय कायकाय, आबा. हितं ईज पडली ना, तिची लहर पार वर जाती. बारीक सूर आधी पोचतो, जाड सूर मागनं. मग वर शीळ ऐकू येती, वरच्या सुरातनं खाली घसरत येनारी."

"ईज कडाडती बाबा. शीळ घालाया ती काय गुराखी हाय व्हय?"

"आपल्या डोंगरावरची घावली की ऐकवतो तुमास्नी."

"ऐकव की. तवर हाय मी," आबा म्हणाले, आणि भाकरीचा तुकडा मोडताना मिशीत हसले.

गेल्या वर्षी वैशाखात, वळवाच्या दिवसांत, कुरवंड्याच्या कड्यावर मोठी वीज पडली. दिवेलागणीची वेळ होती. सारं गाव दारात आलं. आबांनी गुरांकडे पाहिलं नाही, वाळत घातलेल्या लाकडांकडे पाहिलं नाही, आधी लेकाला फोन लावला. "आत्ता पडली बघ, ह्या घटकंला! तुझ्या यंत्राला ऐकू आली का बघ!" म्हाताऱ्याचा आवाज आनंदानं चिरकला होता. नशीब असं की कान तेव्हा आपल्याच बाजूच्या आकाशात होता आणि त्याची बारीक नोंद चालू होती. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या वेळेची साधी नोंद खाली उतरली. अमृतनं ती पडद्यावर लावली, आणि आबांचा फोन आला त्या मिनिटापाशी तिथं एक तिरपी, पुसट रेघ होती.

त्यानं प्रेरणाला हाताला धरून आणलं आणि रेघ दाखवली.

"हजार किलोमीटरमधली कुठलीही वीज असू शकते, अमृत," ती म्हणाली.

"असू शकते ना. पण ही आबांची आहे."

त्यानं हुकूम लिहिला, 'चौदा राख', तो वर पोचल्याची खात्री करून घेतली आणि हेल्मेट उचललं. फोन कर की, असं ती म्हणाली. तर म्हणे या गोष्टी फोनवर सांगायच्या नसतात, समोर बसून सांगायच्या असतात. तिची ड्यूटी संपायची होती म्हणून ती थांबली. दुपारी पुन्हा एक सर येऊन गेली होती आणि कुरवंड्याच्या अलीकडच्या वळणावर रस्त्यात चिखलमाती वाहून आली होती. तिथं मोटारसायकल घसरली. दुसरी गाडी नव्हती, कुणाची चूक नव्हती, ज्याच्यावर राग काढावा असं कुणीच नव्हतं. प्रेरणाला हे फार जड गेलं.

ती कामावर परतली त्या आठवड्यात बंगल्यात एक गोष्ट झाली. कुणीतरी सवयीनं मोठ्यानं म्हणालं, "अकरा राख," आणि खोली एकदम गप्प झाली. प्रेरणा उठून बाहेर गेली. तिनं आबांबरोबर जाऊन अमृतची राख नुकतीच इंद्रायणीत सोडली होती. त्या दिवसानंतर तो शब्द कुणाच्या तोंडून निघेना. लोक 'होल्ड' म्हणू लागले. आणि राख गेली तशी तिची जोडीदार 'सोड'सुद्धा गेली, तिच्या जागी 'डाउनलोड' आलं. पुढे पावसाळ्यानंतर स्वराज नावाचा तरुण इंजिनिअर तळेगावहून रुजू झाला. हुशार, मनमिळाऊ, जरा अति सभ्य. त्याला हे दोन शब्द कधी कुणी सांगितलेच नाहीत. कुणी सांगणार तरी कसं?

चौदावा कप्पा मात्र वर तसाच राहिला. त्याच पावसाळ्यात उपग्रहाचा मोठा ट्रान्समीटर बिघडला. लहान एक उरला, त्यातून एक कप्पा खाली यायला कित्येक आठवडे लागायचे. प्रत्येकाचं काही ना काही वर अडकलेलं, त्यामुळं रांग लागली. केंद्राच्या प्रमुख राजेश्वरी मॅडम यांनी प्रेरणाचा नंबर आपण होऊन पहिला लावला, तोही एकदा सोडून दोनदा. दोन्ही वेळा तिनं तो दुसऱ्याला देऊन टाकला. "त्यांचं घाईचं आहे, माझं काय," असं तोंडानं म्हणाली. खरं कारण तिचं तिला पक्कं माहीत होतं. ती नोंद एकदा खाली आली, ऐकून झाली, तीन ठिकाणी ठेवून झाली, की अमृतचं म्हणून अर्धवट राहिलेलं जगात काही उरणार नव्हतं. रोज सकाळी उपग्रहाच्या तब्येतीचा अहवाल यायचा. त्यात चौदावा कप्पा राखीव दिसला की तिला त्या दिवसापुरतं बरं वाटायचं.

लोक समजूत घालायचे. आई फोनवर म्हणायची, "सोड गं आता, किती दिवस धरून बसशील?" मैत्रिणी तेच वेगळ्या शब्दांत म्हणायच्या, आणि ज्या काहीच म्हणत नसत त्यांच्या डोळ्यांत तेच असायचं. बंगल्यातही सगळ्यांच्या मनात ते होतंच. कप्पे मोजके, त्यातला एक वर्ष होत आलं तरी अडकलेला. पण माणसं चांगली होती, कुणी टोचून बोललं नाही. राजेश्वरी मॅडम एकदा एवढंच म्हणाल्या, "प्रेरणा, तुझ्या मनाची तयारी झाली की सांग. तोवर आम्ही थांबू." स्वराज तेव्हा शेजारच्याच टेबलावर होता.

थांबायला तयार नव्हते ते फक्त आबा. दर रविवारी प्रेरणा कुरवंड्याला जायची, आणि तिनं चप्पल काढायच्या आत ओट्यावरून प्रश्न यायचा.

"उतरलं का गं त्ये?"

"अजून नाही, आबा."

"लय मोठी रांग हाय व्हय?"

"हो. मोठी आहे."

सासूबाई, झुंबरबाई, हे बोलणं निघालं की उठून आत जायच्या. त्यांना या सगळ्याचा तिटकारा आला होता. "वरचं खाली आनून पोरगं येतंय व्हय माझं?" असं एकदा म्हणाल्या होत्या, आणि पुन्हा त्या विषयावर तोंड उघडलं नव्हतं.

वर्षश्राद्ध महिन्यावर आलं तेव्हा आबांनी प्रेरणाला शनिवारीच बोलावून घेतलं आणि मागच्या खाचराकडे नेलं. बांधावर बसले.

"पोरी, येक मागायचं व्हतं."

"मागा ना, आबा."

"त्या दिशी त्यो मला कायतरी सांगाया येत व्हता. नुसतं ऐकू आली, न्हाई आली, येवढ्यासाठी पावसापान्याचा निघायचा न्हाई त्यो. फोनच केला आसता. म्हंजे तसंच कायतरी घावलं आसंल त्याला." त्यांनी जमिनीवरची काडी उचलली आणि मोडली. "मी फोन केला नसता तर त्यो निघाला नसता. ह्ये मी रोज गिळतो, कुनाला म्हनत न्हाई. पर त्यो काय सांगाया येत व्हता, तेवढं कळू दे मला. मग मी गप बसतो."

प्रेरणाला आपलीच लाज वाटली. वर्षभर तिनं स्वतःच्या दुःखाची जपणूक केली होती, आणि हा माणूस तोवर उपाशी बसून होता. तिनं तिथंच फोन काढला. ड्यूटीवर स्वराज होता. समोर आबा, पायाखाली बांध, खाली उतरत गेलेली खाचरं. अशा जागी तिच्या मनात अमृतचाच शब्द आला, दुसरा येणं शक्यच नव्हतं. तिनं लिहिलं, 'चौदा सोड.'

थोड्या वेळानं उत्तर आलं, 'मॅडम, नक्की?'

'हो. खूप दिवस झाले. आता सोड.'

स्वराजनं हात जोडल्याचं चित्र पाठवलं. आता रांगेत नंबर लागला, असं तिला वाटलं, आणि पोरगं किती अदबीनं वागतं असंही वाटलं.

"सोडायला सांगितलं, आबा. वर्षश्राद्धापर्यंत येईल."

"सोडलं?" आबांचा चेहरा खुलला. "मग काय, आता येतंय खाली."

तिकडे बंगल्यात स्वराज मेसेजकडे बघत बसला होता. हे त्यानंच नंतर रडत रडत सांगितलं. मॅडमनी अखेर मनावर दगड ठेवला, असं त्याला वाटलं, आणि त्याचे डोळे भरून आले. एवढ्या मोठ्या गोष्टीत आपली घाई नको म्हणून त्यानं राजेश्वरी मॅडमना फोन करून विचारलं. त्या म्हणाल्या, "बरं झालं. तिचं तिला जमलं. तिनं पुन्हा विचार बदलून त्रास करून घ्यायच्या आत करून टाक." त्याप्रमाणे उपग्रहाच्या संध्याकाळच्या फेरीत त्यानं हुकूम पाठवला, चौदाव्या कप्प्यावरची राखण उठव. कप्पा मोकळा झाला. रविवारी कानानं त्यात नवीन नोंद लिहिली.

सोमवारी प्रेरणा बऱ्याच महिन्यांनी जरा हलक्या मनानं बंगल्यावर आली. येताना तिनं सगळ्यांसाठी वडापाव घेतले होते.

"स्वराज, चौदा कितपत उतरलंय?"

"उतरलंय म्हणजे, मॅडम?"

"अरे खाली. किती टक्के आलं?"

स्वराज तिच्याकडे पाहत राहिला.

"मॅडम, तुम्हीच म्हणालात ना, सोड?"

"हो मग?"

"मी सोडलं."

त्याच्या तोंडून तो शब्द ऐकल्यावर तिला कळलं. आई म्हणायची तो हा 'सोड' होता. साऱ्या दुनियेनं वर्षभर तिला ऐकवला होता तो. वडापावाची पिशवी तिनं टेबलावर ठेवली, नीट ठेवली, आणि खुर्चीत बसली. ओरडली असती तर स्वराजला सोसलं असतं. तिनं फक्त विचारलं, "एखादा तुकडा तरी राहिलाय का?" दोघांनी मिळून तपासलं. राजेश्वरी मॅडम धावत आल्या, त्यांनीही तपासलं. कान आपलं काम चोख करतो. कप्पा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नव्यानं भरला होता.

"मला वाटलं, तू..." राजेश्वरी मॅडम म्हणाल्या आणि थांबल्या.

प्रेरणाला राग आला तो या दोघांचा नाही. त्यांनी तिच्यावरच्या मायेपोटीच केलं होतं सगळं. राग आला तो त्या दोन वेळांचा, जेव्हा नंबर लागला असताना तिनं तो हसत हसत वाटून टाकला होता. एकदा जरी घेतला असता! साधा 'डाउनलोड' लिहिला असता तरी चाललं असतं. तिला त्या क्षणी अमृतवरसुद्धा राग आला, त्याच्या नावं ठेवण्याच्या हौसेवर, आणि पाठोपाठ इतकं रडू आलं की राजेश्वरी मॅडमनी खोलीचं दार लावून घेतलं.

पण आबांना सांगायचं तिलाच होतं. ते दुसऱ्या कुणावर टाकता येत नव्हतं. दुपारी ती कुरवंड्याला निघाली. त्या वळणावर गाडी हळू केली, रस्ता कोरडा होता, तरी केली.

आबा मागच्या खाचरात राबाची तयारी करत होते. भाताची रोपं जिथं धरायची ती जागा आधी भाजून घ्यावी लागते, त्यासाठी पालापाचोळा आणि शेण पसरत होते. तिला अवेळी आलेली पाहून त्यांचे हात थांबले.

"आलं?" त्यांनी विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. उभ्यानंच सांगितलं. आपण काय लिहिलं, त्यानं काय वाचलं. आबा मान एका बाजूला कलती करून ऐकत होते.

"म्हंजे खाली न्हाई आलं त्ये."

"नाही. पुसलं गेलं. त्याच्यावर दुसरं लिहिलं गेलं."

"दुसरं काय?"

"काही नाही, आबा. रोजचंच काहीतरी."

आबांनी हातातला पाला खाली ठेवला. "त्या पोराला रागं भरलीस काय?"

"नाही."

"भरू नगस. त्याला बिचाऱ्याला काय ठावं."

एवढ्यावर थांबता आलं असतं. चूक शब्दाची ठरली असती आणि ती सुटली असती. पण या माणसासमोर ते तिला जमेना.

"आबा, रांग मोठी नव्हती. माझा नंबर दोनदा आला होता. मीच घेतला नाही."

"का गं?"

"खाली आलं असतं तर संपलं असतं सगळं. मला ते संपवायचं नव्हतं."

आबांची नजर तिच्यावरून उठली आणि कड्याच्या बाजूला गेली. त्यांना किती लागलं ते तिला दिसलं, आणि त्यांनी ते गिळलं तेही दिसलं. मग ते कड्याकडे बघतच म्हणाले,

"येक सांगू का तुला? त्या दिशी ईज पडलीच न्हवती."

"आबा?"

"न्हवती पडली. पोरगं लय दिस घरी फिरकलं न्हवतं. म्हनलं, असं कायतरी सांगावं, ह्या निमतानं तरी येईल. थाप मारली मी. तवा त्या कप्प्यात काय न्हवतंच बघ. तू कायबी घालवलं न्हाईस. जिवाला लावून घेऊ नगस."

ती वीज साऱ्या कुरवंड्यानं पाहिली होती. म्हातारा धडधडीत खोटं बोलत होता, आणि कशासाठी ते लपवायचीही अक्कल त्याच्यापाशी नव्हती. तिच्या जिवावरचं ओझं उतरावं म्हणून पोराला थाप मारून मरणाच्या वाटेवर बोलावल्याचं पाप तो स्वतःवर घेत होता. नुसतं बोलण्यापुरतं नाही, ते घेऊन मरेपर्यंत जगायला तो तयार झाला होता. आपल्या बापानं आपल्यासाठी असं केलं असतं का, कोण जाणे.

अमृत काय सांगायला निघाला होता, ते तिला माहीत होतं. हातात एक पुसट रेघ घेऊन निघाला होता तो, दुसरं काही नाही. ती रेघ कुरवंड्याच्या विजेचीच, असं कुठल्याही शास्त्रज्ञाला छातीठोकपणे सांगता आलं नसतं. तिलाही नाही, म्हणूनच वर्षभर तिनं ती आबांना सांगितली नव्हती. ती दोन पावलं पुढं आली आणि आबांच्या समोर, पाल्यावरच, खाली बसली. इकडची बोली तिच्या कोथरूडच्या जिभेला कधी वळली नव्हती. आत्ता ती आपसूकच जिभेवर आली.

"आबा," ती म्हणाली, "पडलती ईज. यंत्राला आली ऐकू. तुमी सांगितली त्याच येळंला. लय मोठी व्हती, आबा."

आबांची नजर कड्यावरून तिच्याकडे वळली.

"व्हय?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मी म्हनलं न्हवतं?" ते एकदम बोलले, आणि एक क्षण त्यांचा सगळा चेहरा अभिमानानं फुलून आला. "म्हनलं न्हवतं मी, आत्ता पडली म्हनून?" चितेपाशी रडले नव्हते, दहाव्याला रडले नव्हते, ते आता डोक्याचं फडकं तोंडाला लावून मोठमोठ्यानं रडू लागले. प्रेरणानं त्यांचा शेणानं माखलेला हात धरून ठेवला.

रडणं ऐकून झुंबरबाई घरातून धावत आल्या. आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग सुनेकडे.

"काय झालं? काय झालं वं?"

"अमृतला ऐकू आलती ती ईज," आबा फडक्यातूनच म्हणाले. "त्येच सांगाया येत व्हता त्यो."

झुंबरबाई पदर सावरून सुनेजवळ पाल्यात बसल्या, आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"काय म्हनला त्यो?" त्यांनी विचारलं.

प्रेरणानं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.